पिसं नसलेलं पिल्लूही मातीत का लोळतं?

सिंहगडाच्या पायथ्याशी, डोणज्याकडच्या एखाद्या अंगणात भर दुपारी कोंबड्यांवर जरा नजर ठेवा. त्यातली एक चोचीने भुसभुशीत माती अंगाशी ओढते, नखांनी उकरते आणि खळग्यात बसते. मग पिसं फुलवून पंखांनी माती अंगावर उडवून घेते, डोकं घासते, कुशीवर पडून पाय ताणते. वीस-पंचवीस मिनिटांनी उठते आणि अंग झाडते. माती मिळत असेल तर हे साधारण दिवसाआड चालतं.

फायदा उघड आहे. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल कोंबडी चोचीने पिसांना लावते. शिळं झालेलं तेल माती शोषून घेते आणि पिसं मोकळी होतात. पण म्हणजे अंग चिकटलं म्हणून ती मातीत उतरते का? तेलाची ग्रंथी काढलेल्या कोंबड्याही लोळत राहिल्या. त्याहून कमाल म्हणजे संशोधक वेस्टरगार्ड आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली पिसंच न येणाऱ्या वाणाची पिल्लं तपासली, तर तीही लोळत होती! साफ करायला काही नसताना.

मग ऊर्मी आतूनच येत असणार. काही दिवस माती मिळाली नाही, तर मिळताच कोंबडी लवकर आणि जास्त वेळ लोळते. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लॉरेन्झ यांनी अशा ऊर्मीला पाण्याच्या टाकीची उपमा दिली होती: वापर नसेल तर पातळी चढत जाते. तारेच्या पिंजऱ्यातली कोंबडी तर माती नसतानाही उघड्या जाळीवर लोळण्याच्या सगळ्या हालचाली करते. बघायला केविलवाणं वाटतं.

नुसत्या टाकीने मात्र भागत नाही. बाहेरून ऊन, उजेड आणि समोर दिसणारी माती यांनीही कोंबडीला लोळावंसं वाटतं. दुपारची वेळ त्यामुळेच जमते. कॅनडात विडोव्स्की आणि डंकन या संशोधकांनी वजन लावलेलं दार ढकलल्यावरच माती मिळेल अशी सोय केली. कोंबड्यांची उत्तरं एकसारखी आली नाहीत. त्यावरून त्यांनी शंका काढली, की लोळण्यामागे त्रास टाळण्यापेक्षा मजाच अधिक असेल का? मला त्रास टाळणं आणि मजा दोन्ही खरं वाटतं, पण पिंजऱ्याची बाजू घ्यायला यातलं एकही कामाचं नाही.

पावसाळ्यात पुण्यात अंगणाचा चिखल होतो. कोंबड्या पाळणाऱ्यांनी पत्र्याखाली, उजेड येईल अशा कोपऱ्यात विटा लावून कोरडी वाळू-माती भरावी. लाकडाच्या भुश्शापेक्षा बारीक मातीच कोंबड्यांना पसंत पडते, कारण तिचे कण पिसांतून थेट कातडीपर्यंत जातात.