पिरारुकू गणना

ब्राझीलमधील ॲमेझॉनच्या पूरमैदानी तळ्यांत पिरारुकू (अरापैमा) मासे न पकडता मोजण्याची, मच्छीमार व संशोधक यांनी मिळून बसवलेली पद्धत. पिरारुकू गोड्या पाण्यातील सर्वांत मोठ्या माशांपैकी एक. लांबी 3 मी. पर्यंत, वजन 200 किग्रॅ.च्या घरात. नाव तुपी भाषेतले : ‘पिरा’ म्हणजे मासा आणि ‘उरुकू’ म्हणजे कोकणात शेंदरी म्हणतात तेच झाड. शेपटीकडच्या खवल्यांवर त्या झाडाच्या बियांसारखी लाली असते.

या माशाला नुसत्या कल्ल्यांवर जगता येत नाही. प्रौढ मासा साधारण 5 ते 20 मिनिटांनी हवा घ्यायला वर येतो. भाल्याने मासे मारणारे मच्छीमार, म्हणजे भालेकरी, पिढ्यान् पिढ्या याच क्षणाची वाट पाहत आले आणि गणनाही त्यावरच उभी आहे. पाणी ओसरून तळी नदीपासून तुटली, की प्रत्येक मोजणारा जास्तीत जास्त 2 हेक्टरचा तुकडा घेऊन 20 मिनिटे होडीत वा काठावर निश्चल राहतो. 1 मी. हून लहान मासे मोजायचे नाहीत. 1 ते 1.5 मी.चे ‘बोदेको’ वेगळे, त्यापुढचे प्रौढ वेगळे. गढूळ पाण्यात पाठीची कड निमिषभर दिसते. बाकी भिस्त कानांवर : हवा ओढल्याचा आवाज, शेपटीचा फटका, लाटेचा आकार. आत्ता वर आलेला मासा मघाचाच की दुसरा, हे जाणकार भालेकरी एवढ्यावरून सांगतो.

मामिरावा राखीव क्षेत्रात 1999 पासून या आकड्यांवर मासेमारी ठरू लागली. संशोधक लेआंद्रो कास्तेयो यांनी मासे खुणा करून सोडले, पुन्हा पकडले आणि त्यावरून काढलेला संख्येचा अंदाज मच्छीमारांच्या मोजणीशी ताडून पाहिला. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष : दोहोंतील सहसंबंध 0.98 (1 म्हणजे पूर्ण सहसंबंध), आणि मोजणी खुणांच्या पद्धतीपेक्षा सुमारे 200 पट जलद व स्वस्त. मच्छीमारांना संशोधकांचे नुसते ‘मदतनीस’ म्हणणे म्हणूनच चुकीचे. येथे मोजमापाचे साधन त्यांचे ज्ञान हेच आहे.

मोजलेल्या प्रौढांपैकी जास्तीत जास्त 30 टक्के पकडण्याची परवानगी पर्यावरण यंत्रणा इबामा देते. पुढे तापाउआ नदीकाठच्या पाउमारी आणि शेरुआ नदीकाठच्या देनी या आदिवासींनीही ही पद्धत आपल्या तळ्यांवर आणली. चोरटी मासेमारी रोखण्यासाठी तळ्याच्या तोंडाशी, बऱ्याच ठिकाणी तरंगत्या घरात, वर्षभर राखण करावी लागते. त्या कष्टांचे मोल माशाच्या दरात क्वचितच निघते.