शिकागोवर नाकतोड्यांची धाड

१९५७ साली आलेल्या ‘बिगिनिंग ऑफ द एन्ड’ या अमेरिकी सिनेमात बसएवढे नाकतोडे शिकागोवर चाल करून येतात. दिग्दर्शक बर्ट आय. गॉर्डन यांच्याकडे पैसा बेताचाच. गाडीत बसूनच सिनेमा बघायच्या ड्राइव्ह-इन थिएटरांत तेव्हा एका तिकिटात दोन सिनेमे दाखवत, आणि जोडीला लावायला असे झटपट उरकलेले सिनेमे हवेच असत. गॉर्डननी इमारतींचे फोटो घेतले आणि त्यांवर खरेखुरे नाकतोडे सोडले. त्यातला एखादा भिंत चढता चढता बिनदिक्कत आकाशावर पाय ठेवतो! टेक्सासहून आणलेल्या या नटांनी शूटिंग संपेपर्यंत एकमेकांनाच खाल्लं आणि मोजकेच उरले, असं सांगतात. खरं असावं. दाटीत कोंडलेले, प्रथिनांना मुकलेले नाकतोडे शेजाऱ्याला सोडत नाहीत.

कथेत किरणोत्सर्गाच्या मदतीने टोमॅटो आणि स्ट्रॉबेरी अवाढव्य वाढवण्याचे प्रयोग चालू आहेत. तिथलं धान्य खाऊन नाकतोडे फोफावतात. यातला पहिला भाग अगदीच हवेतला नाही. क्ष-किरणांनी फळमाशीत उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांत बदल, होतात हे जनुकशास्त्रज्ञ हर्मन मुलर यांनी १९२७ साली दाखवलं होतं. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने याच वाटेने भुईमुगाच्या जाती काढल्या. त्यातली टॅग-२४ महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या चांगलीच ओळखीची. पण बियाण्यातलं उत्परिवर्तन पुढच्या पिढीत उतरतं, बहुतेकदा अपायच करतं आणि लाखात एखादं कामाचं निघतं. ते धान्य खाणारा त्यामुळे वाढत नाही.

समजा, वाढलाच. पाच सेंटिमीटर लांबीचा, दोन ग्रॅमचा नाकतोडा शंभरपट केला तर लांबी होते पाच मीटर. वजन मात्र लांबी, रुंदी, उंची तिन्हींबरोबर वाढतं, म्हणजे दहा लाखपट: दोन टन. पायाची ताकद त्याच्या जाडीच्या छेदावर ठरते आणि तो छेद वाढतो फक्त दहा हजारपट. म्हणजे पायावरचा ताण शंभरपट. हे गणित गॅलिलिओने १६३८ सालीच मांडलं होतं. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ च्या एका निबंधात गोष्टीतल्या राक्षसांची मांडीची हाडं यावरूनच मोडून दाखवली. हा सिनेमा आला त्याच वर्षी ते कलकत्त्याला मुक्कामी आले.

उडीचं तर आणखी गमतीशीर आहे. स्नायूंतली ऊर्जा त्यांच्या वजनाच्या प्रमाणात वाढते, आणि उचलायचं वजनही तितकंच वाढतं. त्यामुळे उडीची उंची आकाराबरोबर फारशी वाढत नाही. छोटा नाकतोडा फूटभर उडत असेल, तर बसएवढाही साधारण फूटभरच उडेल. गगनचुंबी इमारती राहू द्या, फुटपाथ चढला तरी पुष्कळ.

पण पाय मोडायच्या आधीच तो गुदमरेल. कीटकांना फुप्फुसं नसतात. अंगावरच्या बारीक छिद्रांतून हवा नळ्यांत शिरते आणि शेवटचा टप्पा ऑक्सिजन नुसता पसरत पार करतो. पसरायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो: अंतर शंभरपट, तर वेळ दहा हजारपट. पोट आकुंचून हवा खेळवण्याची सोय नाकतोड्याकडे असते, पण ती इतक्या अंतराला पुरायची नाही. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीची मेगॅन्यूरा ही चतुरासारखी माशी पंख पसरून जेमतेम पाऊण मीटरच्या आत होती, आणि त्या काळी हवेत ऑक्सिजन आजच्यापेक्षा बराच जास्त होता.

यातलं काही ठाऊक नसलेल्या प्रेक्षकालाही गॉर्डनचे नाकतोडे खोटे वाटतात, कारण ते फार लगबगीने हलतात. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. म्हणून शंभरपट मोठं भासवायचं तर कॅमेरा दहापट वेगाने चालवावा लागतो: सेकंदाला २४ ऐवजी २४० चित्रं. मग पडद्यावर तीच हालचाल संथ, जड दिसते. जपानमध्ये ट्रिकदृश्यांचे उस्ताद एजी त्सुबुराया यांनी १९५४ च्या ‘गोजिरा’त (म्हणजे गॉडझिला) राक्षसाच्या रबरी पोशाखातल्या माणसाला असंच वाढीव वेगाने टिपलं. म्हणून तो पोशाख कळत असूनही त्याचं पाऊल वजनदार वाटतं.