चार्ल्स मोरहेड आणि मुंबईतील वैद्यकीय शिक्षण

मुंबई इलाख्यात पाश्चात्त्य वैद्यकाच्या शिक्षणाची घडी बसवली ती चार्ल्स मोरहेड (१८०७–१८८२) या स्कॉटिश डॉक्टरांनी. एडिंबरोत शिकून ते पॅरिसला पिएर लुई या फ्रेंच डॉक्टरांच्या हाताखाली राहिले. रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवायच्या, त्या मोजून-ताडून पाहायच्या आणि मगच उपचाराबद्दल मत द्यायचे, ही लुईंची शिस्त. १८२९ मध्ये मोरहेड ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले आणि मुंबईत त्यांनी हीच शिस्त रुजवली.

डॉ. जॉन मॅक्लेनन यांनी १८२६ मध्ये सुरू केलेली देशी वैद्यकशाळा १८३२ मध्येच बंद पडली होती. त्यामुळे नव्या प्रयत्नाकडे शंकेनेच पाहिले जाई. मोरहेड यांनी गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्याबरोबर महाविद्यालयाची योजना आखली. ती उभी राहण्याआधीच, १८३८ मध्ये, ग्रँट वारले. त्यांचे स्मारक म्हणून लोकवर्गणी जमली आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये दिले. १८४५ मध्ये भायखळ्याला जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज शेजारी-शेजारी सुरू झाले. मोरहेड पहिले प्राचार्य झाले.

हे शेजारपण फार मोलाचे होते. ताप, हगवण, पटकी, यकृताचे गळू हे इथले रोग विद्यार्थ्याला थेट इथल्या रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकता आले. विलायती पुस्तकांतल्या वर्णनांवर भागणार नाही, हे मोरहेड यांनी ओळखले होते. मुंबईच्या रुग्णालयांतील नोंदींवर आधारलेला त्यांचा भारतातील रोगांवरचा ग्रंथ १८५६ मध्ये निघाला. शिक्षण मात्र इंग्रजीतून असल्याने सुरुवातीला इंग्रजी शिकलेल्या मोजक्या तरुणांनाच त्याचा लाभ झाला.

१८५१ मध्ये पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. त्यांतले भाऊ दाजी लाड यांनी कुष्ठरोगावर कडू कवठीचे तेल वापरून पाहिले आणि प्राच्यविद्येतही (भारताच्या प्राचीन इतिहास-संस्कृतीच्या अभ्यासात) नाव कमावले. आत्माराम पांडुरंग तर्खडकर प्रार्थना समाजाचे संस्थापक झाले, तर गोव्याच्या जुझे कामिलो लिस्बोआ यांनी मुंबई इलाख्यातील उपयुक्त वनस्पतींचा आणि गवतांचा अभ्यास केला. मोरहेड १८६२ मध्ये निवृत्त झाले.