कानातील इसब : ‘कान साफ करू नका’ या सल्ल्यामागचा इतिहास

कानात सतत खाज सुटणे, नळीच्या तोंडाशी पांढरट पापुद्रे जमणे आणि ते काढून टाकले तरी थोड्याच दिवसांत पुन्हा दिसू लागणे, अशी तक्रार असलेल्या रुग्णाला आज बहुतेक डॉक्टर पहिला सल्ला देतात तो कान साफ न करण्याचा. रुग्णाला हा सल्ला उलटा वाटतो, कारण त्याच्या दृष्टीने कोंडा म्हणजे घाण आणि घाण म्हणजे काढून टाकण्याची वस्तू. वैद्यकालाही या सल्ल्यापर्यंत यायला फार वेळ लागला. कानाची नळी ही धुऊनपुसून ठेवायची पोकळी नसून ती त्वचेचाच आत वळलेला भाग आहे, हे मान्य होईपर्यंत या विकाराचे उपचार बरेच भरकटत राहिले.

प्रौढ माणसाची कर्णनलिका सुमारे २.५ सेंटिमीटर लांब असते. तिच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागात कूर्चा, केस आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, तर आतल्या भागात अतिशय पातळ त्वचा जवळजवळ थेट हाडावर ताणलेली असते. पडद्यावर तयार होणारी त्वचा हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत येते आणि जाताना मळ व मृत पेशी सोबत घेऊन जाते, म्हणजे निरोगी कान स्वतःच स्वतःला साफ करतो. मळ किंचित आम्लधर्मी आणि तेलकट असल्यामुळे पाणी व जंतू यांना तो काही प्रमाणात दूर ठेवतो. इसबामध्ये ही सारी व्यवस्था बिघडते : त्वचा सुजते, तिचे थर पापुद्र्यांच्या रूपात सुटू लागतात आणि संरक्षक मळ पुरेसा राहत नाही.

कानाची खाज हा स्वतंत्र विकार मानण्याची परंपरा जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले असून त्यांत कर्णकंडू वेगळा मोजला आहे आणि साचलेला कफ हे त्याचे कारण दिले आहे. युरोपातही त्वचेच्या रोगांचा संबंध शरीरातील दोषांशीच जोडला जात असे. त्या विचाराचा एक परिणाम घातक होता. त्वचेतून किंवा कानातून झिरपणारा द्रव म्हणजे दोष बाहेर पडण्याची वाट, तेव्हा ती बंद केली तर रोग आत शिरेल, अशी भीती अनेक वैद्यांना वाटे आणि रुग्णाला वर्षानुवर्षे खाजवत ठेवणे हेच शहाणपण ठरे.

या विचाराला पहिला मोठा धक्का निरीक्षणाने दिला. लंडनमधील रॉबर्ट विलन यांनी त्वचारोगांचे वर्गीकरण कल्पित दोषांऐवजी डोळ्यांना दिसणाऱ्या पुरळांच्या प्रकारावरून केले आणि १८१२ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यावर थॉमस बेटमन यांनी १८१३ मध्ये ती मांडणी पूर्ण केली. पुढे व्हिएन्नातील फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी दाखवून दिले की क्रोटन तेलासारखा दाहक पदार्थ लावून निरोगी त्वचेवरही इसबासारखी स्थिती निर्माण करता येते. कारण बाहेरचे असू शकते, म्हणून उपचारही बाहेरून करता येतो, हा त्याचा अर्थ होता. त्याच शतकाच्या मध्यात आन्टोन फॉन ट्रोल्च यांनी मधोमध छिद्र असलेल्या अंतर्गोल आरशाने प्रकाश कानात टाकून तपासण्याची पद्धत रूढ केली आणि डॉक्टरांना नळीची त्वचा नीट पाहता येऊ लागली.

तरीही हा विकार दोन शाखांच्या सीमेवर पडून राहिला. त्वचारोगतज्ज्ञ कानाच्या पाळीपाशी थांबत आणि कानाचे डॉक्टर पडद्याच्या पलीकडे पाहत. मधली नळी दोघांच्याही आस्थेचा विषय नव्हती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

कोंड्याच्या कारणाचा शोध मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडून आला. फ्रान्समध्ये लुई-शार्ल मालासे यांनी १८७४ मध्ये त्वचेच्या पापुद्र्यांत यीस्टसारख्या, म्हणजे एकपेशीय बुरशीसारख्या, पेशी दिसल्याचे नोंदवले. हाम्बुर्गमधील पाउल गेर्सन उना यांनी १८८७ मध्ये डोके, भुवया आणि कानांमागे येणाऱ्या तेलकट, खपलीदार इसबाचे वर्णन केले आणि त्यामागे सूक्ष्मजंतू असावेत असे मत मांडले. हे मत पुढे मागे पडले, कारण तेच यीस्ट निरोगी त्वचेवरही सापडते. १९८० च्या दशकात किटोकोनॅझोलसारखी बुरशीविरोधी औषधे वापरल्यावर कोंडा कमी होतो असे दिसले, तेव्हा जुना विचार सुधारित रूपात परत आला. यीस्ट सर्वांच्याच त्वचेवर असते, पण काहींची त्वचा त्याच्या अस्तित्वाला दाहाने प्रतिसाद देते, असे आता मानले जाते. म्हणूनच कानाच्या अशा तक्रारीत डोक्यातील कोंड्यावरही एकाच वेळी उपचार करावे लागतात.

बुरशीच्या कल्पनेचा अतिरेकही झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः उष्ण व दमट प्रदेशांत, कानाच्या नळीचा जवळजवळ प्रत्येक दाह बुरशीच्या नावावर टाकला जात होता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर झालेल्या तपासण्यांनी तीव्र दाहामागे बहुधा स्युडोमोनाससारखे जीवाणू असतात हे स्पष्ट केले. ओलावा, मळाचा अभाव आणि खाजवल्याने पडलेल्या भेगा यांमुळे या जीवाणूंना वाट मिळते, त्यामुळे इसब असलेला कान वारंवार संसर्गाला बळी पडतो.

उपचारांत सर्वांत मोठा बदल १९५२ मध्ये झाला. त्या वर्षी मॅरियन सुल्झबर्गर आणि व्हिक्टर विटेन यांनी हायड्रोकॉर्टिझोन हे दाह कमी करणारे स्टेरॉइड त्वचेवर लावून इसब शमते हे दाखवले. त्याआधी १९४९ मध्ये सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेतून निओमायसिन हे प्रतिजैविक आले होते. दाह एकाने आणि जंतू दुसऱ्याने आटोक्यात ठेवावेत, या सरळ हिशेबाने दोन्ही औषधे एकाच बाटलीत आली आणि असे थेंब जगभर लिहून दिले जाऊ लागले. हिशेबात एक गोष्ट सुटली होती. इसबाने सोललेल्या त्वचेतून औषध सहज आत शिरते आणि महिनोन्‌महिने वापरले की त्याचीच ॲलर्जी होऊ शकते. निओमायसिनची ॲलर्जी कानाच्या दीर्घकालीन विकारात विशेष आढळते. थेंब घातल्यावर खाज वाढली की रुग्ण आणखी थेंब घालतो, स्टेरॉइडमुळे थोडा वेळ बरे वाटते आणि खरे कारण झाकले जाते. ही गुंतागुंत उलगडण्याचे साधन तर कधीचेच उपलब्ध होते : संशयित पदार्थ त्वचेवर पट्टीखाली ठेवून प्रतिक्रिया पाहण्याची पॅच चाचणी योझेफ यादासोन यांनी १८९५ मध्येच मांडली होती. तिच्यामुळे दागिन्यांतील निकेल, केसांचे कलप, श्रवणयंत्राच्या साच्यातील ॲक्रिलिक असे इतर दोषीही पकडले गेले. युरोपीय संघाने १९९४ मध्ये त्वचेच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंमधील निकेलवर निर्बंध आणले, त्यामागे टोचलेल्या कानांच्या इसबाचा मोठा वाटा होता.

दरम्यान घराघरांत एक वेगळाच शत्रू पोहोचला. लिओ गेर्स्टेनझांग यांनी १९२३ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या निगेसाठी कापूस गुंडाळलेली तयार काडी बाजारात आणली आणि कान कोरण्याच्या जुन्या सवयीला तिने स्वच्छतेचा दाखला दिला. काडी मळ आत ढकलते आणि आधीच नाजूक झालेली त्वचा खरवडते. पुढे पाकिटांवर ती नळीत घालू नये अशी सूचना छापली जाऊ लागली, पण सवय टिकून आहे, कारण खाजवण्यात खरेच सुख असते. नळीच्या काही भागाची संवेदना घशाकडेही जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या शाखेकडे असते, त्यामुळे कान कोरताना काहींना खोकलाही येतो. प्रत्येक खाजवण्याने दाह वाढतो आणि दाहामुळे पुन्हा खाज सुटते.

अलीकडच्या संशोधनाने लक्ष त्वचेच्या तटबंदीकडे वळवले आहे. त्वचेचा बाहेरचा थर मजबूत ठेवणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे ॲटोपिक इसबाचा (ॲलर्जीच्या प्रवृत्तीशी जोडलेल्या इसबाचा) धोका वाढतो, हे २००६ मध्ये दिसून आले. सध्याच्या उपचारांत या सर्व टप्प्यांचे अवशेष एकत्र दिसतात : स्नान करताना व्हॅसलीन लावलेला कापूस नळीच्या तोंडाशी ठेवून पाणी अडवणे, कान ओला झाल्यास दुरून मंद वाऱ्याने सुकवणे, डॉक्टरांनी सांगितलेले सौम्य स्टेरॉइडचे थेंब किंवा मलम मोजकेच दिवस वापरणे, यीस्टचा संशय असल्यास बुरशीविरोधी औषध आणि कान सतत बंद ठेवणाऱ्या इअरफोनला विश्रांती. पडद्याला छिद्र असल्यास निओमायसिनसारख्या औषधांनी ऐकण्याच्या शक्तीला अपाय होऊ शकतो, म्हणून कान तपासून घेण्यापूर्वी घरातले जुने थेंब घालणे धोक्याचे आहे. मधुमेह असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या व्यक्तीच्या कानात झोप उडवणारी वेदना सुरू झाली, तर तो साधा इसब समजू नये. १९६८ मध्ये जेम्स चँडलर यांनी सविस्तर वर्णन केलेला, हाडापर्यंत पोहोचणारा संसर्ग अशाच रुग्णांत आढळतो आणि त्यात तातडीने रुग्णालय गाठावे लागते.