बिडाचा पूल की घडीव लोखंडाचा?

आमच्या गोव्यातल्या पेडण्याच्या घरात दोन तवे. घावन बिड्यावर, भाकरी लोखंडी तव्यावर. दोन्ही काळेकुट्ट, दोन्ही लोखंडाचेच. गेल्या पावसाळ्यात तापलेल्या बिड्यावर गार पाणी सांडलं आणि ते तडकलं, सरळ दोन तुकडे. भाकरीचा तवा आजवर दहादा तरी पडला असेल. काठ वाकतो, ठोकून सरळ करायचा. बिड्याचे तुकडे लोहाराला दाखवले तर तो हसला. म्हणाला, हे ओताऱ्याचं काम, माझ्या घणाखाली चुरा होईल.

दिसायला सारखी, पण स्वभावाने वेगळी अशी ही दोन लोखंडं. जुन्या रेल्वेपुलांच्या बाबतीत ती एकच समजण्याचा घोटाळा होतो. पूल जुना, लोखंडी आणि गंजलेला दिसला की तो ‘बिडाचा’ ठरवून माणसं मोकळी होतात.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात साधारण 3 ते 4 टक्के कार्बन असतो, बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. हे पापुद्रे म्हणजे जणू आधीपासून पडलेल्या बारीक चिरा. दाबलं तर त्या बिचाऱ्या गप्प असतात. ताणलं की तिथूनच बीड उकलत जातं. घडीव लोखंडात कार्बन 0.1 टक्क्याहूनही कमी आणि आत धातूच्या मळीचे (स्लॅगचे) बारीक धागे, लाकडाच्या रेषांसारखे. ते मोडण्याआधी वाकतं, म्हणजे आधी सूचना तरी देतं.

म्हणून रंग, गंज काही बघू नका; पुलाचा आकार बघा. कमानीत भार दाबाच्या रूपानेच खाली उतरतो, तिथे बीड शोभतं. इंग्लंडात सेव्हर्न नदीवर आर्लीजवळ 1861 चा व्हिक्टोरिया ब्रिज आहे. जॉन फाउलरचा आराखडा, कोलब्रुकडेलचं ओतकाम, एकाच कमानीत 200 फुटांचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर. त्यावरून आजही वाफेच्या गाड्या जातात.

सरळ तुळईचं तसं नसतं. वरून भार आला की तिची खालची बाजू ताणली जाते, आणि ताण हेच बिडाचं दुखणं. इंग्लंडातच चेस्टरजवळ डी नदीवर इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सनने बिडाच्या तुळया टाकल्या आणि जोडीला घडीव लोखंडाच्या पट्ट्या दिल्या. पट्ट्या सांभाळून घेतील असा हिशेब होता. 24 मे 1847 रोजी, पुलाच्या लाकडी फळ्यांना ठिणगी लागू नये म्हणून वर खडी पसरली, वजन वाढलं. त्याच संध्याकाळी तुळई तुटली. इंजिन पार गेलं, मागचे डबे नदीत. पाच जण गेले. आगीपासून वाचवायला टाकलेली खडीच भोवली, असं म्हणायचा मोह होतो. पण मूळ दोष तुळईचाच.

खांबात बीड चालतं, तेही तेवढ्यापुरतंच. 1879 मध्ये स्कॉटलंडचा टे पूल वादळात गाडीसकट कोसळला. त्याचे उंच खांब बिडाचे होते, पण मोडले ते खांबांना आडवे-तिरपे आधार जोडणारे, बिडातच ओतलेले कान. त्यांच्यावर वाऱ्याचा ताण आला होता.

आपली मुरगाव-कॅसलरॉक लाइन 1880 च्या दशकातली, म्हणजे या दोन्ही अपघातांनंतरची. तोवर रेल्वेच्या तुळयांसाठी बिडावरचा विश्वास उडाला होता. तेव्हा ‘पोर्तुगीजकालीन बिडाचा पूल’ असं कुणी ठासून सांगितलं तर आधी रिव्हेट, म्हणजे टोकं ठोकून पक्के केलेले जाड खिळे, आहेत का ते विचारा. पत्रे आणि कोनपट्ट्या रिव्हेटच्या रांगांनी शिवलेल्या दिसल्या तर ते घडीव लोखंड किंवा पोलाद. रिव्हेट ठोकायचे घाव बीड सोसत नाही. ओतलेले भाग बोल्टाने जोडतात. झुआरी नदीवरचा कोकण रेल्वेचा पूल तर 1990 च्या दशकातला, त्याच्या लोखंडी गाळ्यात बिडाचा संबंधच नाही.

बीड हाताने चाचपायचं तर पणजीत फोंतेन्यासला जावं. जुन्या बाल्कनीच्या कठड्यावर जाड फुलं-पानं असतील आणि कडेने साच्याची शिवण लागली, तर ते ओतीव. पातळ पट्ट्या वळवून केलेली वेलबुट्टी असेल, तर लोहाराची. किल्लीने हळूच टकटक करून बघा, घरमालकाला विचारून: बीड बद्द वाजतं, घडीव पट्टी खणखणते.