तेहतिसाव्या किलोमीटरला नक्की काय दुखतं?

पहिली फुल मॅरेथॉन पळालो तेव्हा ३३ व्या किलोमीटरला मांड्यांमध्ये ओली वाळू भरल्यासारखं झालं होतं. प्रत्येक पाऊल उचलायच्या आधी मनाशी ठरवावं लागत होतं आणि डोक्यात एकच घोकंपट्टी चालू होती, बास आता, थांब. पण फिनिश लाइन दिसली आणि त्याच पायांनी शेवटचे २०० मीटर मी चक्क सुसाट पळालो. मग तेव्हापासून हा प्रश्न काही डोक्यातून जात नाही, की पाय जर खरंच संपले होते तर ही ताकद आली कुठून?

नेहमीचं उत्तर म्हणजे ग्लायकोजेन. स्नायू आणि लिव्हर मिळून साधारण ५०० ग्रॅम साठवलेली साखर असते, ती ३० किमीच्या आसपास तळाला जाते, यालाच रनर लोक 'वॉल' म्हणतात. हे खरंच आहे, नीट न खाता पळाल तर कितीही जिद्द असली तरी उपयोग नाही. पण ते पूर्ण उत्तर नाही.

२०१० साली सॅम्युएल मार्कोरा आणि वॉल्टर स्टायानो या संशोधकांनी रग्बी खेळाडूंना सायकलवर बसवून सरासरी २४२ वॉटवर, आता एक पेडलही शक्य नाही असं होईपर्यंत चालवायला लावली, आणि ते थांबल्या थांबल्या सांगितलं की आता फक्त ५ सेकंद जीव तोडून पेडल मारा. त्यांनी सरासरी ७३१ वॉट काढले, म्हणजे ज्या लोडला ते हरले त्याच्या तिप्पट! ताजेतवाने असताना तेच १००० च्या वर जात होते, म्हणजे पाय दमलेले होतेच, पण संपले नव्हते. थांबायचा निर्णय पायांनी नाही, डोक्याने घेतला होता.

मग वाटतं की दुखणंच बंद केलं तर? तेही करून बघितलंय. मार्कस अमान आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सायकलपटूंच्या मणक्यात फेंटानिल हे जबरदस्त वेदनाशामक देऊन पायांकडून मेंदूकडे जाणारे सिग्नल दाबले, पायांची ताकद तशीच ठेवून, आणि ५ किमीची टाइम ट्रायल घेतली. गडी सुरुवातीला सुसाट सुटले, दुसऱ्या अर्ध्यात ढेपाळले, एकूण टाइम जवळपास तेवढाच आला, आणि सायकलवरून उतरल्यावर काहींना धड चालता येईना. मला हा प्रयोग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. म्हणजे दुखणं ही अडचण नाहीये, तो तुमचा पेस, म्हणजे पळण्याचा वेग, सांभाळणारा मीटर आहे, तो काढून टाकला तर शरीर स्वतःचीच वाट लावतं. म्हणून रेसच्या आधी आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी घेणाऱ्यांना कळकळीने सांगतो, घेऊ नका, लांब रेसमध्ये किडनीवर आधीच ताण असतो.

मग कणखर रनर वेगळं काय करतात? त्यांना दुखत नाही असं अजिबात नाही. २००९ च्या ट्रान्सयुरोप फूटरेसमध्ये, म्हणजे इटली ते नॉर्वेचं उत्तर टोक, ६४ दिवसांत जवळपास ४५०० किमी, त्यातल्या ११ रनर्सना बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं. न पळणारे सरासरी ९६ सेकंदांत हात काढत होते, तर रनर जवळजवळ सगळे ३ मिनिटांची मर्यादा गाठून बसले. अशा बऱ्याच अभ्यासांतून साधारण हेच दिसतं की कोणत्या पातळीला दुखायला लागतं यात खेळाडू आणि इतरांत फारसा फरक नसतो, ते दुखणं किती वेळ सोबत घेऊन राहता येतं यात मोठा असतो.

आणि हे शिकता येतं हो! २०१४ च्या एका प्रयोगात २४ जणांपैकी निम्म्यांना २ आठवडे स्वतःशी बोलायची सवय लावली, आपापली वाक्यं निवडून, आणि त्यांचा दमून थांबेपर्यंतचा वेळ १८ टक्क्यांनी वाढला. बाकीच्यांचा वाढलाच नाही. ऐकायला हे बाळबोध वाटतं पण करून बघा, फक्त वाक्य रेसच्या दिवशी शोधायचं नाही, लाँग रनच्या शेवटच्या ५ किमीला दर वेळी घासून ठेवायचं. माझं वाक्य 'पुढच्या खांबापर्यंत' एवढंच आहे. इंटरव्हल्सचाही, म्हणजे थोडं जोरात, थोडं हळू असं आलटून पालटून पळण्याचाही, हाच फायदा, दुखण्याशी ओळख वाढते. आणि दिवसभर डोकं पिळून काढणारं काम करून संध्याकाळी पळायला गेलात आणि नेहमीचाच पेस जड वाटला तर स्वतःला आळशी म्हणू नका, ९० मिनिटांच्या डोकेफोडीनंतर माणूस लवकर दमतो हेही प्रयोगात दिसलंय.

पण एक फरक जिवापाड जपायचा. दोन्ही मांड्या सारख्या जळतायत, पेस कमी केला की हलकं वाटतं, तर ते कष्टाचं दुखणं. एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं, पावलागणिक वाढणारं, चाल बदलायला लावणारं असेल तर ते वेगळं. मागच्या सीझनला २६ व्या किलोमीटरला माझ्या डाव्या नडगीवर तसंच दुखायला लागलं. वाक्य तयार होतं, पुढचा खांबही समोर दिसत होता. तरी मी रस्ता सोडून फुटपाथवर बसलो. एक्स-रे साफ आला, एमआरआयमध्ये हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे सततच्या ताणाने पडणाऱ्या बारीक तड्याची, सुरुवात झालेली दिसली, आणि ६ आठवडे पळणं बंद राहिलं.