नोटबुकमधून डॅशबोर्ड

ज्युपिटर नोटबुक म्हणजे कोड अन त्याचं आउटपुट एकत्र ठेवणारी वही. तिच्यात डेटाचं जे काम केलंय त्यातला कोड झाकायचा, वर ड्रॉपडाऊन अन स्लायडर लावायचे, अन ज्याला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेशी काही घेणंदेणं नाही अशा माणसाच्या हातात ते द्यायचं, याला नोटबुक डॅशबोर्ड म्हणतात. ज्युपिटर 2014 मधे आयपायथन या आधीच्या प्रोजेक्टमधून वेगळं निघालं, नाव पडलं ज्युलिया, पायथन अन आर या तीन भाषांवरून.

आपल्या खान्देशातलंच उदाहरण घ्या, केळीचे भाव. फाईलमधे तारीख, तालुका (रावेर, यावल, चोपडा), मृगबाग की कांदेबाग (केळी लावायचे दोन हंगाम), अन क्विंटलचा भाव. चार्ट काढणारं एक फंक्शन लिहायचं अन ते आयपायविजेट्स या लायब्ररीच्या (ड्रॉपडाऊन, स्लायडर अशी विजेट देणारी) इंटरॅक्टला द्यायचं, तालुक्यांची यादी दिली की ड्रॉपडाऊन आपोआप बनतो, आकड्यांची रेंज दिली की स्लायडर. निवड बदलली की फंक्शन परत चालतं. स्लायडर ओढताना तर पायरीपायरीला चालतं, म्हणून मोठ्या फाईलला कंटिन्युअस अपडेट बंद करून ठेवायचं, नाहीतर चार्ट अडखळत बसतो.

कोड झाकायचं काम व्हॉइला नावाचं टूल करतं, हे 2019 चं. ते कोडचे सेल (तुकडे) लपवतं, आउटपुट अन विजेट तेवढे दाखवतं, अन पान उघडलं की अख्खी वही वरून खाली नव्याने चालवतं. गोची इथेच होते. आपण काम करताना सेल वरखाली कसेही चालवतो अन जुनी व्हेरिएबल कर्नलमधे, म्हणजे कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅममधे, तशीच पडून असतात. माझं असंच झालं, भावाचा कॉलम आकड्यांत बदलणारा सेल चार्टच्या खाली राहून गेला होता, माझ्याकडे मस्त चालत होतं, पण व्हॉइलात भाव मजकूर म्हणूनच राहिले अन 950 चा भाव 1850 च्या वर जाऊन बसला! तेव्हापासून लिंक देण्याआधी कर्नल रिस्टार्ट करून सगळे सेल एकदा चालवून बघतोच.

दुसरं म्हणजे मेमरी. उघडणाऱ्या प्रत्येकाला व्हॉइला वेगळा कर्नल देतं, म्हणजे ग्रुपवर लिंक टाकली अन तीस जणांनी एकदम उघडली तर तीच फाईल तीस वेळा लोड होणार, स्वस्तातला सर्व्हर तिथेच बसतो.

व्हॉइलाशिवाय डॅशबोर्डची दुसरी टूलंही आहेत. पॅनेल नोटबुकमधेही चालतं अन सर्व्हरवरही. स्ट्रीमलिटला मात्र साधी पायथन फाईल लागते, अन विजेट हलवलं की डिफॉल्टने पूर्ण स्क्रिप्ट परत चालते.

मराठी लेबलं टाकायची तर चार्ट प्लॉटली या लायब्ररीत काढलेला बरा, तो ब्राउझरमधे बनतो त्यामुळे अक्षरं नीट येतात. मॅटप्लॉटलिब या दुसऱ्या चार्टच्या लायब्ररीमधे देवनागरी फॉन्ट देऊनही जोडाक्षरं अन वेलांट्या बऱ्याचदा मोडतात, मी पहिला चार्ट दाखवला तेव्हा समोरच्याने भाव बघितलाच नाही, आधी विचारलं, भो, हे क्विंटल असं काय लिहिलंय?